नीलकंठशास्त्री गोरे आणि ईश्वरी वरणाचा प्रश्न

ईश्वर कोणास निवडतो, कां निवडतो, आणि ज्यास निवडीत नाहीं त्याची गति काय, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मशास्त्रांत फार जुना आहे. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत त्याचें बीज आहे. पांचव्या शतकांत ऑगस्टिननें त्यास शास्त्ररूप दिलें. सोळाव्या शतकांत कॅल्व्हिननें त्यास धार लावली. महाराष्ट्रांतील इतिहासाभ्यासकांस हा परक्या घरचा वाद वाटणें साहजिक आहे. परंतु या वादाचें एक महत्त्वाचें प्रकरण महाराष्ट्रीय ब्राह्मणाच्या हातून, आणि तेंही प्रथम संस्कृतांत, लिहिलें गेलें आहे. तें प्रकरण म्हणजे नीलकंठशास्त्री गोरे यांचें लेखन व चरित्र होय. प्रस्तुत लेखांत आम्हांस एकच मुद्दा मांडावयाचा आहे. तारुण्यांत प्रतिपक्षी या नात्यानें शास्त्रीबोवांनीं जो आक्षेप घेतला, त्याचें पुरतें उत्तर त्यांच्या पुढील ग्रंथांत नाहीं. तें असलेंच तर त्यांच्या आचरणांत आहे.

१. शब्दविचार

प्रथम शब्द पाहूं. मराठी बायबलांत या अर्थीं ‘निवडणें’ हें क्रियापद येतें. तें आमच्या घरांत रोजचें आहे. सुपांत तांदूळ घेऊन माउली निवडावयास बसते, तेव्हां खडे आणि किडका दाणा बाजूस पडतो. म्हणजे मराठी कानास ‘निवड’ या शब्दांतच टाकणें ऐकूं येतें.

संस्कृतांत याच अर्थीं ‘वृ’ धातु असून त्यापासून ‘वरण’ हें नाम होतें. त्याचे दोन प्रयोग प्रसिद्ध आहेत. पहिला स्वयंवर, तेथें एकाच्या गळ्यांत माळ पडली म्हणजे बाकीचे राजे रिक्तहस्तें परततात. दुसरा ऋत्विग्वरण. यजमान होता, अध्वर्यु, उद्गाता व ब्रह्मा यांस वरतो, तें इतरांस यज्ञफलापासून दूर ठेवण्यासाठीं नव्हे, तर यज्ञ सिद्धीस जावा म्हणून. ज्याचें वरण झालें त्याच्या वांट्यास मान येतो, पण त्याहून अधिक भार येतो.

ईश्वरी वरणाची कल्पनाही आम्हांस अपरिचित नाहीं. कठोपनिषदाच्या दुसऱ्या वल्लींत आत्मलाभ हा प्रवचनानें वा बहुश्रुतपणानें होत नसून वरणानें होतो, असें सांगितलें आहे. तेथें वरणारा कोण, यावर आचार्यांचा मतभेद आहे. शंकराचार्यांच्या मतें साधक आत्म्यास वरतो, तर रामानुजाचार्यांच्या मतें परमात्मा आपल्या प्रिय भक्तास वरतो. श्रीवैष्णवांत पुढें मांजर व माकड यांच्या पिलांचे जे दोन न्याय निघाले ते याच प्रश्नावर. मांजरी पिलास तोंडांत धरून नेते. माकडाच्या पिलास मात्र आईला स्वतः घट्ट धरावें लागतें. मध्वाचार्यांनीं तर जीवांचे तीन वर्ग मानले आणि त्यांतील एक तमोयोग्य, म्हणजे कधींही न तरणारा, असा ठरविला. कॅल्व्हिनच्या मतास याहून जवळचें साम्य आमच्या दर्शनांत दुसरें नाहीं. भेद इतकाच कीं मध्वमतांत ही योग्यता जीवाच्या अनादि स्वभावांत आहे, कॅल्व्हिनच्या मतांत ती ईश्वराच्या संकल्पांत आहे.

२. पूर्वपक्ष

नीलकंठशास्त्री यांचा जन्म इ. स. १८२५ मध्यें झांशीजवळील काशीपुरा येथें चित्पावन कुळांत झाला. वास्तव्य व अध्ययन काशीस झालें. त्या सुमारास उत्तर हिंदुस्थानांतील शास्त्रीमंडळींत एका संस्कृत पुस्तकानें खळबळ उडवून दिली होती. तें पुस्तक म्हणजे जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या स्कॉटिश अधिकाऱ्यानें १८३९ सालीं प्रसिद्ध केलेली ‘मतपरीक्षा’. खऱ्या धर्माच्या परीक्षेसाठीं म्यूरनें ज्या कसोट्या लावल्या, त्यांत सर्वजनसाधारणता ही एक होती. धर्म खरा असेल तर तो एका जातीपुरता वा एका देशापुरता नसावा, असें त्याचें म्हणणें.

यास तीन पंडितांनीं संस्कृतांत उत्तरें लिहिलीं. पहिलें ‘मतपरीक्षाशिक्षा’, सोमनाथ या नांवानें. हे सोमनाथ म्हणजे सिहोरचे ज्योतिषी सुबाजी बापू, असें रिचर्ड फॉक्स यंग यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. दुसरें बंगाल्यांतील हरचंद्र तर्कपंचानन यांचें ‘मतपरीक्षोत्तर’. तिसरें व सर्वांत कसदार, ऐन विशींतल्या नीलकंठशास्त्र्यांचें ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, काल १८४४-४५. हा ग्रंथ शंभर वर्षें हस्तलिखितरूपानेंच राहिला. १९५१ सालीं उज्जयिनीच्या सिंदिया प्राच्य संस्थेतर्फे सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनीं तो संपादून छापला, तेव्हां तो अभ्यासकांच्या हातीं आला. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं हें उदाहरण विसरूं नये.

या ग्रंथांतील जो आक्षेप आमच्या विषयाशीं निगडित आहे, तो आमच्या शब्दांत असा. ख्रिस्ती मतांत जीवास पूर्वजन्म नाहीं. प्रत्येक जीव ईश्वर नव्यानें उत्पन्न करितो. मग एक जीव सुखांत व दुसरा दुःखांत कां जन्मतो? पुढें नरकांत पडणार हें ठाऊक असतां ईश्वर त्या जीवास उत्पन्नच कां करितो? असा ईश्वर दयाळू कसा?

या आक्षेपाचें कुळ जाणत्यांस ओळखतां येईल. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादांत ईश्वरावर वैषम्य व नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात व निर्दयता, हे दोन दोष येतील अशी शंका उपस्थित करून, ईश्वर जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून फळ देतो म्हणून ते दोष येत नाहींत, असें समाधान केलें आहे. त्यावर, आरंभीं कर्म नव्हतें त्याचें काय, या पुढच्या शंकेस संसाराच्या अनादित्वाचें उत्तर आहे. काशीच्या शास्त्र्यानें आपल्या घरची कसोटी परक्या मतास लावली, आणि तें मत त्या कसोटीस उतरत नाहीं असा निकाल दिला.

३. वर्धेच्या दोन्ही तीरांवरून

हा आक्षेप पुस्तकी होता असें कोणी समजूं नये. आम्ही राजुऱ्यास राहतों. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि वर्धा नदी ओलांडतांच मध्यप्रांताचा चांदा जिल्हा लागे. त्या बाजूस नागपुरांत जें पहिलें मोठें मिशन स्थापन झालें, तें स्कॉटलंडच्या फ्री चर्चचें. त्याचे प्रवर्तक स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं तेथें आले. पुराणवस्तुशोधकांस त्यांचा परिचय सांगणें नको. मध्यप्रांतांतील वन्य जमातींवरील त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापले, त्यांत गोंडांचें लिंगोगीत आहे. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटच्या बाजूचीं दगडी वर्तुळें पाहून परततांना नाल्याच्या पुरांत बुडून वारले.

त्यांच्या चर्चची मतप्रतिज्ञा म्हणजे १६४७ सालची वेस्टमिन्स्टरची प्रतिज्ञा. तिच्या तिसऱ्या अध्यायांत ईश्वरी संकल्पानें कांहीं जीव जीवनासाठीं व इतर मरणासाठीं पूर्वींच नेमले गेले आहेत, असें स्पष्ट आहे. चांदा येथें मात्र मिशन आलें तें स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचें. तेथें काम केलेले अलेक्स वुड हे १९२६ सालीं नागपूरचे बिशप झाले. या पंथानें १८०४ सालीं इंग्लंडच्या चर्चचीं एकूणचाळीस कलमें स्वीकारलीं होतीं. त्यांतील सतरावें कलम केवळ जीवनासाठीं झालेल्या नेमणुकीचें वर्णन करितें, मरणासाठीं नेमण्याचा शब्द काढीत नाहीं, आणि हा विचार धार्मिकास गोड पण केवळ कुतूहलानें चाळणाऱ्यास घातक, असा इशारा देतें. म्हणजे नागपूर व चांदा येथें एकाच देशाहून आलेल्या मिशनऱ्यांच्या मतग्रंथांत या एका प्रश्नावर दोन भिन्न सूर होते.

याहून लक्षांत घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. १८९२ सालीं खुद्द फ्री चर्चनें एक खुलासा मंजूर केला. माणसाच्या स्वतःच्या पापाची अपेक्षा न ठेवतां त्यास मरणासाठीं नेमलें जातें, असें हें चर्च शिकवीत नाहीं व प्रतिज्ञेचा तसा अर्थही मानीत नाहीं, असा त्याचा आशय. बादरायणांच्या परिभाषेंत सांगावयाचें तर ईश्वराचा संकल्प निरपेक्ष नसून सापेक्ष आहे, असें एडिंबरोच्या सभेनें मान्य केलें. काशीच्या तरुणानें जेथें बोट ठेवलें होतें, तेथेंच सत्तेचाळीस वर्षांनीं त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं डागडुजी केली. एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला असें आम्ही म्हणत नाहीं; परंतु आक्षेप वर्मीं होता, हें यावरून सिद्ध होतें.

४. धर्मांतरानंतर

मिशनरी विल्यम स्मिथ यांस वादांत जिंकावें म्हणून नीलकंठशास्त्री त्यांच्याकडे जाऊं लागले, आणि १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हें नांव त्यांनीं स्वीकारलें. १८६० सालीं हिंदींत ‘षड्दर्शनदर्पण’ प्रसिद्ध झालें. फिट्झएडवर्ड हॉल यांनीं त्याचें इंग्रजी रूपांतर १८६२ सालीं केलें. त्यांत शास्त्रीबोवांनीं कर्म व अनादि संसार या सिद्धांतांचें खंडन केलें आहे. मागल्या दुःखास त्याहून मागलें कर्म, असें अखंड मागें जाणें म्हणजे प्रश्न सोडविणें नव्हे, तो ढकलणें होय, हा त्याचा रोख.

येथें वाचकानें थांबून विचार करावा. ज्या टेंकूवर त्यांनीं पूर्वीं ईश्वरास वैषम्यदोषापासून वांचविलें होतें, तो टेंकू त्यांनीं आपल्याच हातानें काढला. मग दोष परत आला कीं नाहीं? तो आला, आणि शास्त्रीबोवांस तो जाणवला, असें आमचें मत आहे. अनंतकालिक शिक्षेवरील आक्षेपांचा परामर्श त्यांनीं स्वतंत्र लेखांत घेतला. तो प्रश्न त्यांच्या दृष्टीनें मिटला असता तर त्याची गरज नव्हती.

परंतु ग्रंथांइतकेंच त्यांचें चरित्रही या प्रश्नावरचें भाष्य आहे. १८५४ सालीं महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर ते इंग्लंडास गेले. जन्मानेंच ‘निवडलेल्या’ मानल्या गेलेल्या त्या देशांत त्यांस सुवार्तेंतील जीवन दिसलें नाहीं, आणि त्यांचा जीव विटला. ही हकीकत माक्समुल्लर यांनीं नमूद केली आहे. परत आल्यावर त्यांनीं पद वा संपत्ति यांची वांच्छा केली नाहीं. १८७० सालीं ते पूर्ण दीक्षित धर्मोपाध्याय झाले. १८७६ सालीं पुन्हां इंग्लंडास जाऊन ऑक्सफर्डजवळील काउली येथील संन्यस्त मंडळांत उमेदवार म्हणून राहिले. पुणें येथें दारिद्र्यव्रतानें सेवा केली. पंडिता रमाबाईंच्या १८८३ सालच्या धर्मांतरांत त्यांच्या लेखनाचा भाग होता. २९ ऑक्टोबर १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला.

५. निष्कर्ष

‘आपण निवडलेले आहों’ या समजुतीपासून दोन प्रकारचीं माणसें घडतात. एक सुपांतल्या दाण्याप्रमाणें बाजूस पडलेल्या खड्यांकडे पाहून निश्चिंत होतो. दुसरा ऋत्विजाप्रमाणें वरणानंतर आपलें काम काय, हें पाहतो. पौलाचें पत्र नवव्या अध्यायांतील कुंभार व मृत्तिका यांच्या दृष्टांताशीं तोडलें, तर पहिला अर्थ निघतो. परंतु तोच विचार अकराव्या अध्यायाच्या अखेरीस सर्वांवर दया करावी या ईश्वरी हेतूपर्यंत जातो. अब्राहामाचें वरणही त्याच्याद्वारें पृथ्वीवरील सर्व कुळांचें कल्याण व्हावें म्हणून झालें, असें मोशेच्या पहिल्या पुस्तकांत आहे. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या मराठी ‘ख्रिस्तपुराणां’तही पहिल्या पुराणांत एका वंशाची कथा येते, ती दुसऱ्या पुराणांतील जगत्तारकाच्या कथेसाठीं. हा ऋत्विग्वरणाचा अर्थ होय. तो घेतला असतां वैषम्याचें तार्किक समाधान पुरतें होतें असें नाहीं, पण निवडलेल्याचा गर्व उरत नाहीं.

ज्या वर्षीं गोरे वारले, त्याच वर्षीं १० फेब्रुवारीस मुंबईंत नारायण वामन टिळक यांनीं बाप्तिस्मा घेतला. १८९३ सालीं नागपूराहून राजनांदगांवीं जातांना आगगाडींत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थानें त्यांस नवा करार देऊन, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असें भाकीत केलें होतें. हें पूर्वनियोजन म्हणावें कीं योगायोग, तें ज्याचें त्यानें ठरवावें. इतिहासकारास महत्त्व याचें कीं टिळकांनीं त्या भाकिताची फुशारकी मारली नाहीं. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं सातारा येथें ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या शिष्यांस जागा दिली. दरबाराचें दार उघडें ठेवणें, हेंही वैषम्याच्या आक्षेपास दिलेलें एक उत्तरच होय.

एक विनंति करून लेखणी आवरतों. आमचे संग्राहक पोथ्या, बखरी, सनदा, महानुभावांच्या सांकेतिक लिपींतील बाडें यांचा सांभाळ करितात. तें योग्यच आहे. परंतु चांदा, नागपूर, नगर व पुणें येथील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत व देवळांत प्रवचनांच्या वह्या, पत्रव्यवहार, बाप्तिस्म्याच्या नोंदी अशी सामग्री आढळल्यास ती परधर्माची म्हणून रद्दींत जाऊं देऊं नये. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हस्तलिखितरूपानें कोणी जपला नसता, तर गोरे यांचा पूर्वपक्ष आज आपणांस मूळ शब्दांत वाचावयास मिळाला नसता, आणि त्यांच्या पुढील आयुष्याचा अर्थही लागला नसता. संग्रहाच्या कामीं तरी सुपांतली निवड नको.