मामल्याचा प्लेग ते क्षयाची साखळी : जंतूंची वंशावळ वाचणारं ‘जीनोम सिक्वेन्सिंग’ आहे तरी काय?

अंबाजोगाई : बीड जिल्ह्यात चाळिशी ओलांडलेल्या माणसासमोर प्लेगचा विषय काढला की त्याला मामला गाव आठवतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर धक्क्यांच्या भीतीने कित्येक गावांतल्या लोकांनी दगडमातीची घरं सोडून बाहेर मुक्काम हलवला. कणग्यांतलं धान्य मात्र घरातच राहिलं. रिकामी घरं आणि भरपूर दाणे, उंदरांना दुसरं काय पाहिजे? ऑगस्ट १९९४ मध्ये मामल्यात पिसवांचा त्रास सुरू झाला, उंदीर मरून पडू लागले आणि महिना संपता संपता काखेत, जांघेत गाठ आलेले तापाचे रुग्ण दिसू लागले. सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगने माणसं दगावली, तिथून लाखो लोक मिळेल त्या गाडीने पळाले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब झाल्या. देशभरात पन्नासहून अधिक मृत्यूंची नोंद झाली.

यात एक वाद बरीच वर्षं चालला. हा खरंच प्लेग होता का? देशात १९६६ नंतर माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती, त्यामुळे मोठमोठ्या डॉक्टरांनीही शंका घेतली. दुसराच एखादा ताप असेल असं सांगणारे कमी नव्हते. या वादावर उत्तर सापडलं ते जंतूच्या जनुकात. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी साथीत मिळालेल्या जंतूंचं एक ठराविक जनुक अक्षर न् अक्षर वाचून काढलं, बाकी जनुकांचे ठसे ताडून पाहिले आणि तो ‘यर्सिनिया पेस्टिस’ म्हणजे प्लेगचाच जंतू असल्याचं २००० साली प्रसिद्ध केलं.

ते एका जनुकाचं वाचन होतं. जीनोम सिक्वेन्सिंग म्हणजे सगळीच्या सगळी जनुकं वाचायची. जंतूच्या डीएनएमध्ये ए, टी, जी, सी अशी चारच अक्षरं असतात, पण प्लेगच्या जंतूत ती जवळपास ४६ लाख ५० हजार भरतात. नमुन्यातून डीएनए काढतात, त्याचे बारीक तुकडे करतात, यंत्र ते तुकडे वाचतं आणि संगणक ते पुन्हा ओळीने जुळवतो. कोरोनाच्या काळात ‘व्हेरियंट’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो याच तपासणीमुळे. तो विषाणू होता, इथे जिवाणू आहेत, एवढाच फरक.

वाचून उपयोग काय, तर सातबारा डोळ्यासमोर आणा. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली हे फेरफार लावून पाहिलं की कळतं. जंतूचंही तसंच असतं. जंतू दुभागतो तेव्हा डीएनएची नक्कल होते आणि त्यात क्वचित एखादं अक्षर चुकतं. ती चूक त्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. दोन जंतूंत सारख्या चुका किती आणि वेगळ्या किती हे मोजलं की ते सख्खे भाऊ की दूरचे चुलत, हे ठरवता येतं. चुका साधारण किती काळात साठतात हे माहीत असलं की फाटे कधी फुटले याचाही अंदाज बांधता येतो.

प्लेगच्या जंतूचा पूर्ण जीनोम २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून कळलं की हा पोटात बिघाड करणाऱ्या एका साध्या जंतूचा वंशज आहे. बाहेरून डीएनएचे दोन छोटे तुकडे त्याला मिळाले, उलट स्वतःची बरीच जनुकं निकामी झाली. आलेल्यांपैकी एका जनुकामुळे तो पिसवेच्या पोटात टिकून राहू लागला. सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांत सापडलेल्या प्लेगच्या जंतूत हे जनुक नव्हतं. म्हणजे प्लेग होता, पण उंदराच्या पिसवेवर बसून गावं उठवणारा प्लेग पुढे तयार झाला. लंडनच्या एका दफनभूमीतील दातांमधून १३४८-५० च्या साथीचा जंतू २०११ मध्ये वाचण्यात आला. मग २०२२ मध्ये किरगिझस्तानातील इसिक कुल सरोवराजवळच्या १३३८ सालच्या कबरींत त्याच्याही आधीचा पूर्वज सापडला.

महाराष्ट्राशी याचा थेट संबंध आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगला पोहोचलेला प्लेग १८९६ मध्ये मुंबईत उतरला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईतच, जानेवारी १८९७ मध्ये, आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या काही दशकांत देशात या रोगाने एक कोटीहून जास्त बळी घेतले. जीनोम वाचनातून असं दिसतं, की चीनकडून निघालेली एकच शाखा जहाजांमधल्या उंदरांबरोबर जगभर पसरली. अमेरिकेतला आजचा प्लेगही तिचाच वंशज आहे.

हा झाला इतिहास. आज तालुक्याला जास्त गरज आहे ती क्षयरोगासाठी. क्षयाच्या जंतूची अक्षरं सुमारे ४४ लाख, ती १९९८ मध्ये पहिल्यांदा वाचली गेली. हा जंतू भलताच सावकाश बदलतो, दोन-तीन वर्षांत एखादं अक्षर. त्यामुळे हिशोब सोपा होतो. दोन रुग्णांच्या जंतूंत पाचपर्यंत अक्षरांचा फरक असेल तर लागण अलीकडे एकाच साखळीतून झाली असं धरतात, बाराच्या वर गेला तर साखळी वेगळी. एका वस्तीत तीन रुग्ण निघाले तर रोग वस्तीतच फिरतोय की कामाला गेलेल्या ठिकाणाहून आलाय, हे अशाने सांगता येतं. सहा-सहा महिने ऊसतोडीला कोपीत राहणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न लहान नाही.

दुसरा उपयोग औषधांचा. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेलं कोणतंच औषध त्यांच्या जंतूवर चालत नव्हतं. ‘पूर्णपणे औषधाला न जुमानणारा’ या शब्दाला सरकारने हरकत घेतली, पण रुग्णांचा त्रास शब्दावर अवलंबून नव्हता. औषध चालत नाही याचं कारण बहुतेक वेळा एखाददुसऱ्या अक्षराच्या बदलात असतं. गोळ्या अर्धवट सोडल्या की साधे जंतू मरतात, तो बदल झालेले तेवढे उरतात आणि त्यांचंच पीक येतं. एकच कीटकनाशक वर्षानुवर्षं मारलेल्या कापसात हेच घडताना शेतकऱ्याने पाहिलेलं आहे. कोणत्या बदलाने कोणतं औषध निकामी होतं याची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये काढली.

सरकारी दवाखान्यात थुंकीची ‘सीबीनॅट’ तपासणी होते तीही जनुकाचीच, पण पूर्ण वाचन नव्हे. ती क्षयाचा जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का, एवढं साधारण दोन तासांत सांगते. बेडाक्विलिनसारख्या नव्या औषधाबद्दल ती काही सांगत नाही. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयासाठी केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये सहा महिन्यांची नवी उपचारपद्धती मंजूर केली. तिच्यात बेडाक्विलिनच मुख्य आहे, म्हणून त्याच्याविरुद्धचे बदल वेळेत ओळखणं महत्त्वाचं ठरतं. पूर्ण सिक्वेन्सिंगला बहुतेकदा जंतू आधी वाढवावा लागतो, क्षयाच्या जंतूला त्यासाठीच काही आठवडे जातात, आणि हे काम मोठ्या प्रयोगशाळेतच होतं.

दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन अशी लक्षणं असतील तर थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. घरात किंवा गोठ्यात एकदम बरेच उंदीर मरून पडले तर ते हाताने उचलू नयेत, आरोग्य केंद्राला कळवावं. उंदीर गार पडला की पिसवा त्याला सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात.