आपला शिक्का

पेडण्याला आमच्या माहेरच्या वाड्यावर एक आजी होत्या, दोन्ही डोळ्यांनी अंध. पडवीत बसून झावळ्यांचे हीर काढायच्या. त्यांचं एक वाक्य आई नेहमी सांगायची, "माजो शिक्को खंय पडलो, देवाक ठावक!" हा शिक्का होता १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचा.

पोर्तुगीज अमदानीत मत देणं हा मोजक्या शिकलेल्या, कर भरणाऱ्या लोकांचा मामला. आमच्या नव्या काबिजादीतल्या कुळाबिळांना कोण विचारतो! १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, ९ डिसेंबर १९६३ ला विधानसभेची पहिली निवडणूक झाली आणि भाटकाराच्या बरोबरीने मुंडकारालाही एक मत मिळालं. मग आला कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळा संघप्रदेश हवा असेल तर दोन पानं.

आजींना फूल हवं होतं. पेडणे, डिचोलीकडे बहुतेकांचा कल तोच. पण त्यांचा हात धरून गेलेला पुतण्या पानांच्या बाजूचा. त्याने सांगितलं, "फुलावरच मारला गो." त्याने खरंच मारलाही असेल. पण खात्री कशी करायची? विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. एका शिक्क्याने काही बदललं नसतं, हे आजींनाही कळत होतं. तरी मरेपर्यंत ती रुखरुख गेली नाही.

आपल्या संविधानाच्या ३२६ व्या कलमाने अंध, अपंग कुणालाच मतापासून दूर ठेवलेलं नाही. दृष्टी नसेल किंवा हात चालत नसेल तर मतदाराला सोबती नेता येतो. हा सोबती अठरा वर्षांवरचा असावा, एका दिवसात त्याने एकाच मतदाराला मदत करावी आणि मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यावं, असा नियम आहे. नियम चांगलाच. पण तो कितीही पाळला तरी मत गुप्त राहतं ते जगापासून, सोबत्यापासून नाही.

आणि केंद्राच्या दारापर्यंत पोचायचं कसं? डिचोलीला माझ्या सासूबाईंची डावी बाजू लुळी पडली होती. २००२ च्या विधानसभेला मतदान केंद्र एका शाळेत, पाच उंच पायऱ्या चढून. चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. लोक बघत होते. घरी आल्यावर म्हणाल्या, "भाताचं पोतं झाले मी आज. पुन्हा नाही जाणार." आणि खरंच कितीतरी वर्षं गेल्या नाहीत.

दोनच वर्षांनी, २००४ च्या लोकसभेच्या वेळी, जावेद अबिदींच्या डिसेबल्ड राइट्स ग्रुपने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि मतदान केंद्रांवर रॅम्प करण्याचा आदेश झाला. त्याच साली हैदराबादच्या आसिफनगर पोटनिवडणुकीत मतदान यंत्रावर ब्रेल आकडे लावून पाहिले, पुढे ते देशभर आले. ब्रेलमधली यादी आधी वाचायची, मग बोटांनी चाचपून आपल्या उमेदवाराच्या आकड्याशेजारचं बटण दाबायचं. सोबती लागतच नाही. अर्थात ब्रेल यायला हवं, आणि त्यासाठी शाळा हवी. आमच्या आजींना कुठली शाळा! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर सुगम मतदान केंद्रं ही निवडणूक आयोगाची जबाबदारीच केली.

२०१९ मध्ये आणखी एक नियम बदलला. ऐंशीच्या वरच्यांना आणि किमान चाळीस टक्के अपंगत्व असलेल्यांना घरूनच टपाली मत देण्याची सोय झाली. (२०२४ पासून वयाची अट पंच्याऐंशी आहे.) त्यासाठी '१२ डी' हा अर्ज आधी भरावा लागतो.

२०२२ च्या विधानसभेला मी तो भरला. कर्मचारी घरी आले, सोबत पोलीस आणि व्हिडिओवाला. टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. सासूबाई तेव्हा ब्याऐंशीच्या, उजवा हात मात्र शाबूत. मी सवयीने चष्मा पुसून दिला आणि बाजूला उभी राहिले. तर त्या म्हणाल्या, "तू सैपाकघरात जा."

वीस वर्षं मी त्यांचं जेवणखाण, औषधं, आंघोळ, सगळं केलं होतं. क्षणभर मला लागलंच. मग पेडण्याच्या आजी आठवल्या आणि मी मुकाट आत गेले.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "आई, कुणाला दिलंस?" सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "ते माझं मला ठाऊक."