भुताला कारण लागतं

भीतीचं जग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ठरलेलं सामान येतं. कड्यावरचा किल्ला, वटवाघळं, धुकं आणि काळ्या झग्यातला सरदार. पण सामानाने खोली भरते, जग तयार होत नाही. गॉथिक जग उभं राहतं ते एका नियमावर, आणि हा नियम अडीचशे वर्षांहून जुना आहे. आज त्याचीच गोष्ट.

हॉरेस वॉलपोल हा इंग्लंडच्या पहिल्या पंतप्रधानाचा मुलगा. लंडनजवळ ट्विकनहॅमला त्याने स्वतःसाठी 'स्ट्रॉबेरी हिल' नावाचा छोटासा गॉथिक किल्ला बांधून घेतला. बाहेरून बुरूज, आणि आतल्या मोठ्या दालनाचं नक्षीदार छत चक्क कागदाच्या लगद्याचं! या घरात त्याला एकदा स्वप्न पडलं, की जिन्याच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक प्रचंड हात टेकलाय. त्या स्वप्नातून 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी जन्मली. साल १७६४. जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर अशी थाप मारून त्याने ती छापली. खपली म्हटल्यावर १७६५च्या दुसऱ्या आवृत्तीत लेखक आपणच असल्याचं सांगितलं आणि मुखपृष्ठावर 'गॉथिक कथा' असं लिहिलं.

कथेची सुरुवात भन्नाट आहे. लग्नाच्या दिवशीच आकाशातून एक अवाढव्य शिरस्त्राण पडतं आणि नवरदेव त्याखाली चिरडून मरतो. आता तुम्ही म्हणाल, हा काय प्रकार? तर नवरदेवाचा बाप मॅन्फ्रेड हा ओट्रँटोचा राजा, पण त्याच्या आजोबाने खऱ्या राजाला विष घालून ही गादी बळकावलेली. म्हणजे किल्ला चोरीचा. शिरस्त्राण, तसबिरीतून उतरून चालू लागणारा आजोबा, शेवटी कोसळणाऱ्या भिंती, हे सगळं त्या एका चोरीची वसुली आहे. भूत उगाच येत नाही. घराच्या मालकाने काहीतरी केलेलं असतं आणि ते घर विसरलेलं नसतं. हाच तो नियम.

आता थेट १९८३मध्ये येऊ. अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, फासे आणि कल्पनाशक्तीवर चालणारा खेळ जोरात होता. त्यात तळघरातल्या खोल्यांतून राक्षस भरून ठेवलेले असायचे. एका खेळात ट्रेसी हिकमनला अशाच एका खोलीत व्हँपायर भेटला आणि त्याला प्रश्न पडला, की हा इथे करतोय काय? त्याने आणि त्याची बायको लॉरा हिने मिळून उत्तर लिहिलं, तेच 'रेव्हनलॉफ्ट'. बरोव्हियाचा सरदार स्ट्राड धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर भाळतो, लग्नाच्या दिवशी भावाचा खून करतो, आणि ती मुलगी किल्ल्यावरून उडी टाकते. दोनशे वर्षांनंतरही नेमका लग्नाचाच दिवस!

१९९०च्या 'रेल्म ऑफ टेरर' या संचात ब्रूस नेस्मिथ आणि अँड्रिया हेडे यांनी या एका किल्ल्याचं अख्खं जग केलं. तिथे प्रत्येक प्रदेशाला आपला एक पापी मालक, आणि सीमेवरचं धुकं असं की त्या मालकालाही बाहेर पडता येत नाही. राज्य हाच तुरुंग. मला तर हे डिझाइन अफलातून वाटतं, कारण नकाशा, हवामान आणि शिक्षा तिन्ही एकाच गुन्ह्यातून निघतात.

पण याच जगात एक मोठी खोट होती. बरोव्हियात 'विस्तानी' नावाचे भटके लोक दाखवलेत: गाड्यांमधून फिरणारे, भविष्य सांगणारे, सरदाराला सामील. हे उघडउघड युरोपातल्या रोमा लोकांवरून घेतलेलं. ही सवय जुनीच, कारण १८९७च्या 'ड्रॅक्युला'मध्येही काउंटची पेटी वाहायला असेच लोक आहेत. इथे नियम मोडतो. या लोकांनी कोणाची गादी चोरली? कोणाचा खून केला? काहीच नाही. ते नुसते परके, म्हणून भीतिदायक. आणि ज्या खंडात नाझींनी लाखो रोमा मारले, तिथे ही भीती फक्त खेळापुरती कधीच नव्हती. २०२० साली प्रकाशकांनी स्वतःच हे चित्रण बदलायचं ठरवलं.

रोमा लोकांची भाषा मराठीच्याच कुळातली, इंडो-आर्यन. पाण्याला ते 'पानी' म्हणतात आणि नाकाला 'नख'! हजारेक वर्षांपूर्वी इकडून निघालेले आपलेच दूरचे भाऊबंद. म्हणजे त्या धुक्यातल्या शेकोटीभोवती बसलेली माणसं आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत.

थोडक्यात काय, तर कोणाला असं जग रचायचं असेल (गेमसाठी, कथेसाठी, किंवा नुसतं हौस म्हणून) तर धुकं नंतर सोडा. आधी गुन्हा लिहा. आणि तो किल्ल्याच्या मालकाच्या नावावरच लिहा, रस्त्याने जाणाऱ्याच्या नाही.