परदेशी जीवनसाथी आणि भारतातील वास्तव्याचा हक्क

आखाती देश, इस्राएल, युरोप येथे नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या काही तरुण-तरुणींचे विवाह तेथील परदेशी व्यक्तींशी जुळतात. असे दांपत्य पुढे वसई, मुंबई वा गोव्यात स्थायिक होऊ पाहते, तेव्हा विवाहसंस्कार झाला म्हणजे जोडीदाराला भारतात राहण्याचा व काम करण्याचा अधिकारही मिळाला, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात हा अधिकार टप्प्याटप्प्याने मिळतो.

भारतीय नागरिकाच्या परदेशी पतीला वा पत्नीला प्रथम प्रवेश व्हिसा, म्हणजेच ‘एक्स’ व्हिसा घ्यावा लागतो. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर दीर्घकाळ राहण्यासाठी आलेल्या व्यक्तीने आगमनापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावयाची असते. हे काम आता ‘ई-एफआरआरओ’ या शासकीय संकेतस्थळावरून होते. केवळ या व्हिसाच्या बळावर नोकरी करता येत नाही. म्हणजे आरंभीचा काळ एकाच्या मिळकतीवर काढावा लागण्याची शक्यता असते, आणि याचा विचार विवाहापूर्वीच झालेला बरा.

दुसरा टप्पा ‘ओसीआय’ कार्डाचा. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ७अ अन्वये विवाह नोंदणीकृत असावा आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असावा, अशी अट आहे. सुरक्षाविषयक चौकशीही होते. येथेच अनेकांची अडचण होते. ख्रिस्तमंदिराच्या नोंदवहीत सह्या झाल्या की काम संपले, असे मानून विवाह निबंधकाचा दाखला घेण्याचे राहून जाते. मग दोन वर्षे कोणत्या तारखेपासून मोजावयाची, हा वाद नको तेव्हा उभा राहतो. नागरी नोंदणी विवाहानंतर लगेच उरकावी, हे उत्तम. विवाह परदेशात झाला असल्यास तेथील दाखल्यावर ‘अपोस्तिल’ची मोहोर, अथवा त्या देशात ती पद्धत नसल्यास भारतीय वकिलातीचे प्रमाणन लागते.

आणखी एक अट आपल्या समाजाने विशेष ध्यानी घ्यावी. जोडीदार स्वतः किंवा त्याचे आईवडील, आजीआजोबा वा पणजीपणजोबा यांपैकी कोणीही कधी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असल्यास हे कार्ड मिळत नाही. कराचीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गोवेकर ख्रिस्ती कुटुंबांतील मुले आज कॅनडा-इंग्लंडची नागरिक असली, तरी त्यांना ही अट आडवी येऊ शकते.

कार्ड मिळाल्यावर मात्र वास्तव्यास मुदत राहत नाही, नोंदणीची गरज राहत नाही आणि सर्वसाधारण नोकरी-व्यवसाय करता येतो. डॉक्टर, परिचारिका, वकील यांना आपापल्या व्यवसायाचे कायदे पाळावे लागतात. मतदानाचा हक्क नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. मिशनरी कार्य, पत्रकारिता व संशोधन यांसाठी मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार विशेष परवानगी लागते. मिस्सेला जाण्यास अर्थातच अडकाठी नाही. परंतु अशा व्यक्तीवर धर्मप्रचाराची जबाबदारी सोपविण्यापूर्वी धर्मग्रामाने हा नियम पाहावा. नवा पासपोर्ट घेतला की, विवाह अद्याप कायम असल्याचे प्रतिज्ञापन त्याच्या प्रतीसह संकेतस्थळावर सादर करावयाचे असते.

हा हक्क विवाहाशी बांधलेला आहे. न्यायालयाने विवाह विसर्जित केल्यास कार्ड रद्द होऊ शकते, मग संसार कितीही वर्षांचा असो. धर्मप्रांतीय न्यायमंडळाने विवाह रद्दबातल ठरविला, तरी त्यामुळे नागरी विवाह संपुष्टात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात हे स्पष्ट केले आहे.

भारतीय नागरिकत्व हा वेगळा मार्ग. त्यासाठी सात वर्षांचे भारतातील वास्तव्य लागते आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने मूळ देशाचे नागरिकत्व सोडावे लागते. वृद्ध आईवडील मायदेशी असलेल्या अनेकांना ते जड जाते, म्हणून ते कार्डावरच थांबतात.