नोंदलेले आणि न नोंदलेले अवलंबित्व : मंडई, मराठी अक्षर आणि लिनक्स

पुण्यातील महात्मा फुले मंडईची वास्तू ५ ऑक्टोबर १८८६ रोजी मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते खुली झाली आणि त्यांच्याच नावाने ती ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तत्पूर्वी शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील पटांगणात भरत असे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या वास्तूवरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे त्याच वास्तूला त्यांचे नाव दिले गेले, हा योगायोग पुणेकरांना सुपरिचित आहे. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात ‘अनिवार्य’ काय आणि ‘इष्ट’ काय, हा त्या वादाचा गाभा होता. प्रस्तुत निबंधाचा विषय वरकरणी पूर्णतः वेगळा असला तरी गाभा हाच आहे.

मंडईतील गाळ्यावर मांडलेली मेथीची जुडी तेथे पोहोचते ती शेतकरी, टेम्पोवाला, गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील अडत्या आणि हमाल अशा साखळीतून. यांपैकी एकाचेही नाव गाळ्यावरील पाटीवर नसते. गाळेवाल्यास ती साखळी तोंडपाठ असते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र ती पावत्या, ठराव आणि मुलाखतींतून जुळवावी लागते. लिनक्स या संगणक-प्रणालीत याउलट स्थिती आढळते. तेथील प्रत्येक पॅकेज आपण कोणकोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहोत हे स्वतःच लिहून ठेवते आणि एका आज्ञेसरशी ती यादी वाचता येते. अशा व्यवस्थेत अभ्यासकाला शोधण्यासारखे काही उरते काय? मराठी अक्षराचे उदाहरण घेतल्यास या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते.

प्रथम पॅकेज-व्यवस्थेची जुजबी पार्श्वभूमी. लिनक्सच्या प्रारंभीच्या काळात एखादा प्रोग्रॅम बसविणे म्हणजे त्याची मूळ संहिता आणून, ती संकलित करून, ‘अमुक लायब्ररी सापडत नाही’ हा संदेश आला की ती लायब्ररी शोधण्यास निघणे असे. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पाने आणि १९९५ मध्ये रेड हॅटने आणलेल्या आरपीएम या साधनाने ही यातायात पुष्कळशी संपविली. १९९९ च्या डेबियन २.१ सोबत ॲप्ट हे साधन आले. मागितलेल्या पॅकेजाबरोबर त्याला लागणारी सर्व पॅकेजे ते आपोआप आणू लागले. डेबियनमध्ये या संबंधांच्या मुख्य पायऱ्या तीन आहेत : ‘डिपेंड्स’ म्हणजे अनिवार्य, ‘रेकमेंड्स’ म्हणजे शिफारस केलेले आणि ‘सजेस्ट्स’ म्हणजे केवळ सुचविलेले. ‘ॲप्ट-कॅश डिपेंड्स’ ही आज्ञा साखळी खालच्या दिशेने दाखविते, तर ‘आरडिपेंड्स’ ती उलट, म्हणजे या पॅकेजावर कोण विसंबून आहे ते दाखविते. ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ ही आज्ञा तर एखादे पॅकेज यंत्रावर का आले, याचे कारणच सांगते. ऐतिहासिक साधनांत असे सरळ उत्तर देणारे साधन विरळाच.

परंतु ही यादी लिहितो कोण, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. लायब्ररींपुरती ती बव्हंशी यंत्रच लिहिते. संकलित प्रोग्रॅमच्या आत त्याला लागणाऱ्या लायब्ररींची नावे कोरलेली असतात. पॅकेज बांधताना ती वाचून ‘डिपेंड्स’ ही नोंद भरली जाते. फाँटचे तसे नाही. कोणत्याही प्रोग्रॅमच्या पोटात ‘मला देवनागरी फाँट लागतो’ असे लिहिलेले नसते. ती गरज माणसाने ओळखून हाताने नोंदवावी लागते, आणि जी गरज नोंदविणाऱ्याच्या अनुभवात नाही ती नोंदविली जाण्याचा संभव कमीच.

एखाद्या साध्या मजकूर-संपादकाची साखळी या दृष्टीने तपासावी. संपादक जीटीके या लायब्ररीवर विसंबतो, जीटीके पँगोवर, पँगो हार्फबझवर, आणि अक्षराची आकृती पडद्यावर रेखाटण्याचे काम अखेरीस फ्रीटाइपकडे येते. मजकुरातील सांकेतिक क्रमांकांवरून जोडाक्षरे, वेलांट्या व रफार योग्य जागी बसविण्याचे काम हार्फबझचे. (हे नाव फारसी असून त्याचा अर्थ ‘मुक्त अक्षर’ असा होतो. त्यातील ‘हर्फ’ मराठीसही अपरिचित नाही.) याच साखळीत फाँटकॉन्फिग नावाचा दुवा आहे. डेबियनमध्ये त्याच्या मांडणीचे पॅकेज कोणता तरी एक फाँट अनिवार्य मानते आणि त्या पर्यायांत पहिला क्रमांक डेजाव्ह्यू या फाँटचा आहे. डेजाव्ह्यूमध्ये रोमन, ग्रीक, सिरिलिक लिपी आहेत, देवनागरी नाही. म्हणजे नोंदींनुसार सर्व अवलंबित्वे पूर्ण झाली, प्रणालीने कोणतीही त्रुटी दाखविली नाही, आणि तरीही मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग उमटली, असे घडू शकते. रोमन अक्षर हे अनिवार्य आणि मराठी अक्षर हे ऐच्छिक, असा निर्णय कोणी जाणीवपूर्वक घेतला असे नव्हे. तथापि नोंदीचा अर्थ तोच निघतो.

मराठी मुद्रणव्यवहारास हा अनुभव नवा नव्हता. मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर अप्पा बळवंत चौकाची पुस्तकांची बाजारपेठ आहे आणि तिच्या आसपासच्या पेठांतून छापखाने व अक्षरजुळणीची कामे चालत आली आहेत. खिळ्यांची जुळणी जाऊन संगणकीय जुळणी आली तेव्हा पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकची साधने प्रचारात आली. या फाँटांची संकेतनपद्धती आपापली होती. मराठी अक्षरांच्या आकृती रोमन चिन्हांच्या क्रमांकांवर बसविलेल्या असत. परिणामी एका ठिकाणी जुळविलेला मजकूर तोच फाँट नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर उघडला की रोमन चिन्हांचा गोंधळ दिसे. मजकूर फाँटवर पूर्णपणे अवलंबून होता. परंतु फायलीसोबत ते अवलंबित्व जाईलच याची शाश्वती नव्हती. ते जुळणीकाराच्या डोक्यात राही, मंडईतल्या गाळेवाल्याला जशी आपली साखळी ठाऊक असते तसे. जुळणीकार बदलला की जुन्या पुस्तकाची फाईल जवळ असूनही न वाचता येण्याची वेळ येई. त्या काळातील मराठी ग्रंथांच्या संगणकीय प्रती आज कितपत वाचनीय राहिल्या आहेत, याचा शोध ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य घ्यावा.

युनिकोडमुळे संकेतनाचा प्रश्न तत्त्वतः सुटला. परंतु लिनक्सवर मुक्तपणे वाटता येईल असा दर्जेदार भारतीय फाँट हवा होता. २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ ही फाँटमाला जीपीएल परवान्याखाली प्रसिद्ध केली. या मालेतील मूळ फाँट तयार केले होते ते मॉड्युलर इन्फोटेकनेच. ज्या पुणेरी संस्थेच्या व्यावसायिक फाँटांनी मराठी जुळणीचे एक युग व्यापले, तिच्याच हातची अक्षरे मुक्त प्रणालीचा पाया ठरली, ही घटना मराठी मुद्रणाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. २०११ मध्ये लोहितचा परवाना बदलून एसआयएलचा मुक्त फाँट परवाना स्वीकारण्यात आला. डेबियनमध्ये देवनागरीसाठी एक एकत्रित पॅकेज आहे. ते स्वतः रिकामे असून लोहित, गार्गी, नकुल, सहदेव, सम्यक अशा फाँटांना ‘डिपेंड्स’च्या नोंदीने एकत्र बांधते. फेडोरामध्ये मराठीसाठी भाषा-पॅकेज आहे, डेबियनमध्ये ‘टास्क-मराठी’ आहे. अर्थात ही पॅकेजे प्रणाली बसविताना मराठी भाषा निवडणाऱ्यास मिळतात. इंग्रजी निवडून मराठी लिहिणारा वापरकर्ता, आणि महाविद्यालयांतील बहुसंख्य वापरकर्ते असेच असतात, या साखळीच्या बाहेर राहू शकतो.

फाँट आला म्हणजे अवलंबित्व पूर्ण झाले, असेही म्हणता येत नाही. ‘देवनागरी फाँट’ ही नोंद हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी या सर्वांना एकच मानते. मराठीस मात्र ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील आडवा अर्धा र लागतो. तो नसेल तर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील भेद, म्हणजे डोंगरांमधील दऱ्या आणि समुद्र यांतील भेद, लेखनातून नाहीसा होतो. युनिकोडमध्ये हा र ‘ऱ’ या द्राविडी उच्चारासाठी नोंदलेल्या वर्णास हलन्त जोडून साधावा लागतो. ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह हा दुसरा मार्गही मान्य आहे. एकच अक्षर दोन प्रकारे लिहिले गेल्याने शब्दशोध फसतो, हा त्याचा व्यावहारिक परिणाम. ‘ॲ’ या वर्णास तर स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये. त्यापूर्वीच्या फाँटमध्ये तो असणे शक्यच नव्हते. ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून निभावले जाई. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून भिन्न आहेत आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ती निश्चित केली. ओपनटाइप मानकात भाषेनुसार अक्षरवळण बदलण्याची तरतूद आहे. पण त्यासाठी फाँटमध्ये दोन्ही आकृती हव्यात आणि मजकूर मराठी असल्याचे प्रोग्रॅमने पुढच्या लायब्ररीस कळवावयास हवे. या साखळीतील एकही दुवा निखळला तर शासननिर्णयाचे पालन इच्छा असूनही होत नाही, आणि पॅकेज-नोंदी मात्र सर्व काही यथास्थित असल्याची ग्वाही देत राहतात.

नोंदीपलीकडील अवलंबित्व किती घातक ठरू शकते हे जगाने २०२४ मध्ये अनुभवले. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या संपीडन-पॅकेजाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर लपविलेले चोरदार उघडकीस आणले. दूरस्थ प्रवेशाच्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅमला मुळात या लायब्ररीची गरज नाही. परंतु काही वितरणांनी त्यास सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती आणि ती लायब्ररी संपीडनाच्या लायब्ररीवर विसंबून होती. दोन पायऱ्या खाली उतरल्यावरच धोका दिसत होता. फ्रॉइंड यांना तो दिसला तोही प्रवेशास सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब का होतो, या क्षुल्लक वाटणाऱ्या शंकेमुळे. त्या साखळीच्या टोकाशी अनेक वर्षे अक्षरशः एकच स्वयंसेवक पॅकेज सांभाळीत होता, ही बाब कोणत्याही ‘डिपेंड्स’च्या नोंदीत नव्हती.

म्हणूनच पॅकेजाची साखळी शोधणाऱ्याने केवळ आज्ञांवर न थांबता बदलनोंदी आणि परवान्याच्या फायलीही वाचणे आवश्यक ठरते. डेबियनमध्ये त्या प्रत्येक पॅकेजासोबत असतात. एकेकाळी ‘टीटीएफ-इंडिक-फाँट्स’ या नावाने मिळणारे पॅकेज पुढे ‘फाँट्स-इंडिक’ झाले, आणि जुने नाव मागणाऱ्यांसाठी काही काळ त्या नावाचे रिकामे पॅकेज ठेवून नव्याकडे बोट दाखविले गेले. जुन्या कागदपत्रांत ‘रे मार्केट’ शोधणाऱ्या अभ्यासकास फुले मंडईकडे नेणारी अशी सोय मात्र स्वतःलाच करून घ्यावी लागते. लोहितच्या परवान्याची फाईल उघडली तर परवान्याच्या लांबलचक कलमांबरोबर स्वामित्वहक्काच्या मोजक्या ओळी आढळतात. अक्षरांची वळणे कोणी काढली, ‘ऱ्य’ची आकृती कोणत्या तक्रारीवरून दुरुस्त झाली, हे त्या ओळींत नाही. त्यासाठी त्या काळी या फाँटांवर काम केलेल्या व्यक्तींच्या मुलाखती घ्याव्या लागतील, आणि त्यांपैकी अनेकजण आज पुण्यातच सापडण्याची शक्यता आहे.