‘टोटल लॉस’ झालेली स्पोर्ट्स कार: सिकंदराबादहून गोव्यात आणण्यापूर्वी

महागड्या जुन्या मोटारींच्या बाजारात मुंबई आणि बंगळुरूखेरीज हैदराबाद-सिकंदराबाद या जुळ्या शहरांचेही नाव घेतले जाते. सिकंदराबादचे राणीगंज सुट्या भागांच्या दुकानांसाठी जुन्या काळापासून परिचित आहे. ज्या शहरात सुटे भाग, कुशल कारागीर आणि हौशी गिऱ्हाईक एकत्र नांदतात, तेथे मोडलेली गाडी पुन्हा उभी राहणे स्वाभाविकच. त्यात गैर काही नाही. गाडी मोडली होती ही गोष्ट खरेदीदारापासून लपवली जाते, तेव्हा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेत अपघातात किंवा पुरात सापडलेल्या मोटारीचा दुरुस्तीखर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की तिच्या मालकीपत्रावर ‘सॅल्व्हेज’ असा शेरा बसतो. पुढे ती दुरुस्त होऊन तपासणीत उतरली, तरी ‘रीबिल्ट’ हा शेरा मागे राहतो. ही मर्यादा राज्यागणिक बदलते, आणि शेरा पुसला जावा म्हणून गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरवणारेही तेथे आहेत. तरीही निदान कागद बोलतो. भारतातील नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे आरसीत, असा रकानाच नाही.

येथे निर्णय होतो तो विमा कंपनीच्या दप्तरात. मोटार विम्याच्या प्रमाणित अटींनुसार गाडी परत आणण्याचा आणि दुरुस्त करण्याचा एकूण खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विमा उतरवताना घोषित केलेल्या मूल्याच्या, ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ती ‘टोटल लॉस’ ठरते. दोन ते तीन वर्षांच्या गाडीचे हे मूल्य काढताना ३० टक्के घसारा धरला जातो. समजा, एक कोटी रुपयांची स्पोर्ट्स कार तिसऱ्या वर्षी अपघातात सापडली. तिचा आयडीव्ही ७० लाख आणि ७५ टक्क्यांची मर्यादा साडेबावन्न लाख. अधिकृत वर्कशॉपने नवे मूळ भाग धरून ५५ लाखांचा अंदाज दिला, की कंपनी मालकाला गाडीची रक्कम देऊन मोकळी होते आणि सांगाडा लिलावात जातो. तोच सांगाडा लिलावात २० लाखांना घेऊन, वापरलेले भाग बसवून, बाहेरच्या गॅरेजात १५ लाखांत उभा केला आणि ५० लाखांना विकला, तर विकणाऱ्याच्या पदरी १५ लाख पडतात. आकडे उदाहरणादाखल आहेत, गणित मात्र बाजारातलेच आहे. साध्या हॅचबॅकमध्ये एवढा वाव नसतो. गाडी जितकी महाग, तितका हा मोह मोठा.

मग अशा गाडीची नोंदणी रद्द का होत नाही? मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५५ सांगते की, वाहन नष्ट झाले किंवा कायमचे वापरण्याजोगे राहिले नाही, तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी जमा करावी. मेख येथेच आहे. कायदा ‘कायमचे निरुपयोगी’ म्हणतो. विमा कंपनी म्हणते ‘दुरुस्ती परवडत नाही’. पहिला निकष यंत्राचा, दुसरा हिशोबाचा. न परवडणारी गाडी निरुपयोगी असतेच असे नाही, म्हणून तिची आरसी जिवंत राहते आणि सांगाड्याबरोबर नव्या हातात जाते. विमा क्षेत्राचे नियामक प्राधिकरण आणि विम्याच्या दाव्यांची माहिती गोळा करणारी इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो या दोन्ही संस्थांची मुख्यालये हैदराबादेतच आहेत. त्याच शहरात गाडी पाहायला गेलेल्या ग्राहकाच्या हाती असलेल्या आरसीवर मात्र त्या दाव्याची एक ओळही नसते.

जिवंत आरसीचा याहून वाईट उपयोगही होतो. जून २०२० मध्ये लखनौ पोलिसांनी उघडकीस आणलेल्या टोळीची रीत अशी होती: टोटल लॉस गाड्यांची कागदपत्रे मिळवायची, त्याच बनावटीच्या गाड्या चोरायच्या आणि त्यांच्यावर मेलेल्या गाडीचा चासी क्रमांक ठोकायचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवी मुंबई पोलिसांच्या तपासात पनवेलचे प्रकरण पुढे आले. पुराच्या पाण्यात भिजल्यामुळे भंगारात काढलेल्या बीएस-४ मोटारी चासी क्रमांकांत फेरफार करून निरनिराळ्या राज्यांत नोंदवल्या व विकल्या गेल्या होत्या. अशा गाडीच्या खरेदीदाराला कलम ५५ चेच पोटकलम ५ आडवे येते. इंजिन किंवा चासीवरील क्रमांक आरसीशी जुळत नसेल, तर मालकाचे म्हणणे ऐकून घेऊन नोंदणी रद्द करण्याची तरतूद त्यात आहे. खरेदी प्रामाणिक होती एवढ्याने नोंदणी वाचत नाही.

हैदराबादच्या गाडीबाबत पाण्याची शंका विशेष घ्यावी. १३ आणि १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत बेगमपेठच्या वेधशाळेत चोवीस तासांत सुमारे १९ सेंटिमीटर पावसाची नोंद झाली. वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. स्पोर्ट्स कार जमिनीपासून चार-साडेचार इंचांवर चालते. एसयूव्हीच्या चाकाला लागणारे पाणी तिच्या आसनाखाली शिरते, आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक पुष्कळदा तेथेच, नाहीतर फरशीलगत असतात. इंजिनात पाणी गेले असताना ते सुरू केले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान दिसते तरी. वायरिंगच्या जोडांत शिरलेला गंज सहा महिन्यांनी, वर्षाने बोलू लागतो. सिकंदराबादच्या कोरड्या हवेत निमूट चाललेली गाडी कळंगुटच्या खाऱ्या दमट हवेत आली, की तो बोलण्याची घाई करतो.

भिजलेली गाडी ओळखण्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. सीटबेल्ट शेवटापर्यंत बाहेर ओढावा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ धुवायची राहून गेलेली असते. आसनांचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे स्क्रू आणि गालिच्याखालचा पत्रा विजेरीने पाहावा. हेडलाइटच्या आत पाण्याची पातळी दाखवणारी पुसट रेघ असते का, तेही पाहावे. कोऱ्या गालिच्याचा आणि अत्तराचा वास एकत्र आला, तर विक्रेत्याला त्याचे कारण विचारावे.

अपघाताची खूण शोधणे अधिक कठीण. या गाड्यांच्या सांगाड्यात ॲल्युमिनियम, काहींत कार्बन फायबर असते. पोलादी पत्रा ठोकून, ओढून सरळ करणाऱ्या कारागिराचे कसब येथे अपुरे पडते. कार्बन फायबरला आतून गेलेला तडा वरच्या चकाकत्या रंगाखाली दिसत नाही आणि ताशी दीडशे किलोमीटर वेगाला तोच सांगाडा पुन्हा परीक्षेला बसतो. रंगाची जाडी मोजणारे यंत्र, चाकांच्या अलाइनमेंटचा छापील अहवाल आणि लिफ्टवर चढवून केलेली तळाची पाहणी यांना म्हणूनच पर्याय नाही. सर्व काचांवरील उत्पादनवर्षाच्या खुणा जुळतात का, हेही पाहावे. एकटी पुढची काच नवी असेल तर दगड लागला असेल. एकाच बाजूच्या दोन काचा नव्या असतील तर प्रश्न विचारावा.

एअरबॅगकडे दुर्लक्ष महागात पडते. ती एकदाच उघडते, मग बदलावीच लागते आणि मूळ भाग महाग असतो. म्हणून काही ठिकाणी झाकण बसवून सर्किटमध्ये नुसता रेझिस्टर जोडतात, म्हणजे इशाऱ्याचा दिवा पेटत नाही. इग्निशन चालू करताच एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. तो पेटलाच नाही, तर दिवाच काढलेला असू शकतो. पेटून विझला, म्हणून आत एअरबॅग आहे असेही सिद्ध होत नाही. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये स्कॅन करून घेणे हाच खात्रीचा मार्ग. त्याच भेटीत चासी क्रमांकावरून सर्व्हिसचा इतिहास मागावा. दोन वर्षे नियमित आलेली गाडी अचानक येईनाशी झाली, तर ती कोठे होती हे विक्रेत्याने सांगावे.

परदेशातून वापरलेली म्हणून आलेल्या गाडीची आणखी एक गोम आहे. तिच्यावर तेथे कोणता शेरा होता, हे भारतीय आरसीवर उमटत नाही. अमेरिकेत नोंदलेली गाडी असेल, तर चासी क्रमांकावरून तिचा तेथील इतिहास ऑनलाइन विकत मिळतो. मे २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने हैदराबादच्या एका आलिशान मोटारींच्या विक्रेत्याला अटक केली. परदेशी गाड्या दुबई किंवा श्रीलंकेमार्गे, डाव्या हाताचे स्टीअरिंग उजवीकडे करून, कमी किंमत दाखवून आणल्याचा आरोप त्याच्यावर आहे. आयातीचे बिल ऑफ एंट्री पाहिल्याविना अशा गाडीचा विसार देऊ नये.

कागदांत पहिला प्रश्न क्रमांकाचा. सिकंदराबादच्या गाडीवर नोंदणीच्या काळानुसार एपी-१०, टीएस-१० किंवा मार्च २०२४ नंतरची टीजी-१० ही अक्षरे असतात. तेलंगणाने अनेक वर्षे नोंदणीचे काम ‘वाहन’ या केंद्रीय प्रणालीबाहेर, स्वतःच्या संगणक व्यवस्थेत चालवले. त्यामुळे केवळ केंद्रीय पोर्टलवर न विसंबता त्या राज्याच्या परिवहन खात्याकडील नोंदही पाहावी. गाडी गोव्यात आणायची तर मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र फॉर्म २८ वर, हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३०, कर्ज असल्यास ते फिटल्याचा फॉर्म ३५ आणि गोव्याचा क्रमांक मिळवण्यासाठी फॉर्म २७ लागतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचे अधिकारपत्र आवश्यक आहे. ते पाहायला मागण्यात संकोच नसावा.

दाव्यांचा इतिहास मात्र मालकाकडूनच मिळवावा लागतो. मागील तीन वर्षांच्या पॉलिसी मागाव्यात. नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवरून एकाएकी शून्यावर आला असेल, तर त्या वर्षी दावा झाला असण्याची दाट शक्यता असते. पॉलिसी देणाऱ्या कंपनीकडे दाव्यांची लेखी माहिती मागण्यास मालकाने टाळाटाळ केली, तर तेही उत्तरच. खरेदीनंतर १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावे करून घ्यावी. तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे येत नाही.

फसवणूक झालीच, तर दाद मागण्यासाठी हैदराबादचे खेटे घालावे लागत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. मुदत दोन वर्षांची. मात्र विक्रेता व्यावसायिक असावा लागतो. एका खासगी मालकाने दुसऱ्याला विकलेल्या गाडीला हा कायदा लागू होत नाही, तेथे दिवाणी दावा किंवा पोलिसांत फसवणुकीची तक्रार हेच मार्ग उरतात. म्हणून विक्री करारात ‘या वाहनावर टोटल लॉसचा दावा मंजूर झालेला नाही आणि ते पुरात सापडलेले नाही’ हे वाक्य विक्रेत्याच्या सहीनिशी लिहून घ्यावे. आणि करारात ‘जशी आहे तशी’ या अटीवर विक्री असे शब्द आढळले, तर ते खोडल्याशिवाय पैसे देऊ नयेत.