जुन्या एडिटरांची ओढ

गेल्या दिवाळीत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. पुण्यास एका कंपनीत तो प्रोग्रॅमर आहे. चकल्यांची ताटली शेजारी ठेवून तो मांडीवरच्या संगणकावर काम करीत बसला होता. मी सहज डोकावून पाहिले, तर पडद्यावर चित्र नाही, बटण नाही. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे तेवढी.

"अरे, एवढा महागाचा संगणक, आणि हे दळिद्री सोंग कशाला?" मी विचारले.

"मामा, हा व्ही-आय. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. दुसरीकडे माझी बोटेच चालत नाहीत," तो म्हणाला आणि चकलीकडे वळला.

ही ओढ त्या एकट्याचीच नाही, असे पुढे कळले. आता संगणक पुढची ओळ आपण होऊन सुचवितो, चुकीखाली लाल रेघ ओढतो. तरीही पन्नास वर्षांपूर्वीच्या साधनांना चिकटून असलेले प्रोग्रॅमर पुष्कळ आहेत. जे चिकटून नाहीत तेही त्यांच्याविषयी बोलू लागले, की आपल्याकडे जात्याविषयी बोलतात तसे बोलतात. जात्यावरच्या ओव्या गोड खऱ्या. पण ओवी गाणाऱ्या बाईला गिरणी नको होती, असे माझ्या तरी ऐकिवात नाही. म्हणून या ओढीचे मूळ शोधावे असे मनात आले.

एडिटर म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे या अंकाचे संपादक उभे राहतील. पण तो हा नव्हे. संगणकास द्यावयाच्या आज्ञा जेथे लिहायच्या, खोडायच्या, दुरुस्त करायच्या, ती पाटी म्हणजे एडिटर. व्ही-आयच्या आजोबांचे नाव 'ईडी'. (हल्ली या नावाने आपल्याकडे भलतीच धडकी भरते, हाही तो नव्हे.) १९६९ सालचा उन्हाळा. अमेरिकेत न्यू जर्सी येथे बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन नावाचा तरुण काम करीत होता. त्याची पत्नी वर्षाच्या बाळाला घेऊन तीन आठवड्यांसाठी कॅलिफोर्नियास आप्तांकडे गेली. घर रिकामे झाले आणि या गृहस्थाने त्या तीन आठवड्यांत, पीडीपी-७ नावाच्या जुनाट यंत्रावर, पुढे 'युनिक्स' म्हणून जगभर गेलेल्या व्यवस्थेचा पाया घातला. त्यातच हा ईडी होता. बर्कलेच्या 'क्यू-ईडी' नावाच्या एडिटरचे संस्कार त्याच्यावर होते.

त्या काळी लिहिणाऱ्यापुढे बहुधा पडदा नसे. टाइपरायटरसारखे टेलिटाइप यंत्र आणि कागदाची गुंडाळी. तुम्ही बडवायचे, आणि यंत्राने उत्तर कागदावर छापायचे. तेही सेकंदाला दहा-पंधरा अक्षरे या गतीने. पाच ओळी पाहायच्या म्हटल्या तरी अर्धा मिनिट खडखडाट. अशा ठिकाणी बडबड परवडणारी नव्हती. म्हणून ईडीच्या आज्ञा एकेका अक्षराच्या: ओळ छापायची तर 'पी', पुसायची तर 'डी', एका शब्दाच्या जागी दुसरा घालायचा तर 'एस'. आणि आज्ञा चुकली, की ईडीचे उत्तर एकच: '?'. काय चुकले, कोठे चुकले, काही नाही. फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या पोराकडे चष्म्यावरून नुसते पाहावे, तसे. मी शाळामास्तर असल्यामुळे हे उत्तर मला फारच ओळखीचे वाटले.

पण हे सर्वांनाच कसे मानवावे? लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातील जॉर्ज कूलूरिस यांनी ईडीत सुधारणा करून 'ई-एम' हा एडिटर रचला आणि त्याचा अर्थ 'मर्त्य माणसांसाठी एडिटर' असा सांगितला. कारण मूळचा ईडी त्यांच्या मते केवळ अमरांसाठी होता. १९७६ च्या उन्हाळ्यात ते बर्कलेस गेले असता बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याने तो पाहिला. त्या धाग्यावरून पुढे जॉयने व्ही-आय विणला.

येथे मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण खरी गंमत येथे आहे. जॉयजवळ 'एडीएम-३ए' नावाचा पडदा होता आणि घरून काम करताना तो टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडलेला असे. तारेची गती सेकंदाला सुमारे तीस अक्षरे. पडद्यावर चोवीस ओळी, ओळीत ऐंशी अक्षरे. म्हणजे एकूण १,९२०. पडदा पूर्ण भरायचा तर चौसष्ट सेकंद! तेवढ्यात आमच्याकडे चहाला उकळी येते. म्हणून व्ही-आयच्याही आज्ञा एकेका अक्षराच्या झाल्या. त्या कळफलकावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार कळांवरच डावा, खाली, वर, उजवा असे बाण काढलेले होते. जॉयने त्याच कळा घेतल्या.

तो पडदा गेला, ती तार गेली, कळफलकांवर बाणांच्या स्वतंत्र कळा आल्या. आणि पुण्याचा हा पोरगा अजून एच-जे-के-एलवरच बोटे नाचवितो. वस्तुतः त्याच्या संगणकावर चालतो तो व्ही-आयचा वारस 'विम'. नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ साली लोकांपुढे ठेवला, त्याची किंमत म्हणून युगांडातील मुलांना मदत करा एवढेच सांगितले, आणि २०२३ साली वारेपर्यंत तो सांभाळला.

आमच्या पिढीत ज्यांनी कॉलेजात संगणक शिकला त्यांची ओढ निराळी. त्यांना टर्बो सीचा निळा पडदा आठवतो. १९८७ साली निघालेले हे घराणे नव्या यंत्रांवर सरळ चालेनासे झाले, तरी आपल्याकडच्या पुष्कळ कॉलेजांनी जुन्या यंत्राचे सोंग आणणारी आज्ञावली वापरून ते चालविले. याला ओढ म्हणावे की अभ्यासक्रम बदलण्याचा आळस, हा प्रश्नच आहे.

मला तर वाटते, ज्यांनी ही जुनी साधने घडविली त्यांना जुन्याची माया मुळीच नव्हती. ती माणसे अडचणीतून वाट काढीत होती. व्ही-आय ज्या जगासाठी केला ते जग आता उरले नाही, असे जॉयनेच पुढे सांगितले. मग उरले काय? उरली ती साधी अक्षरे. त्या एडिटरांत लिहिलेल्या मजकुराला ना फाँट, ना सजावट. म्हणून तेव्हाची फाइल आजही उघडते.

हे मी भाच्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. तो म्हणाला, "मामा, पण ती अक्षरे इंग्रजी होती."

खरेच होते. १९६३ साली ठरलेल्या 'आस्की' संकेतात जागा अवघ्या १२८. त्यांत 'अ' नाही आणि 'ज्ञ'ही नाही. साधेपणा होता तो त्यांच्यासाठी. आपल्या छपाईच्या फाँटवाल्यांनी मग इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे कोंबले, आणि ज्याने त्याने आपापल्या मर्जीने. ही कोंडी फोडण्यात पुन्हा तोच थॉम्पसन आढळतो. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, रॉब पाइक समोर बसलेला असता, ताटाखाली घालावयाच्या कागदावर त्याने 'यूटीएफ-८' ही मांडणी आखली. तीत इंग्रजी अक्षर पूर्वीसारखे एका बाइटात राहते, देवनागरीचे अक्षरचिन्ह तीन बाइट घेते, आणि दोघे एकाच फाइलीत सुखाने नांदतात.

मला याचे एवढे अप्रूप का, तेही सांगतो. २००८ साली माझी एक कादंबरी निघाली. ती जेथे जुळविली तो छापखाना आता नाही, प्रती संपल्या, माझ्याजवळ उरली एक सीडी. दुसऱ्या आवृत्तीची गोष्ट निघाली तेव्हा ती उघडून पाहिली, तो साडेतीन वर्षांचे काम म्हणजे इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा उकिरडा झालेला. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

भाऊबिजेच्या दुपारी भाचा ती सीडी घेऊन बसला. कोणत्या घरात कोणता तुकडा आहे याचा तक्ता त्याने माझ्या जुन्या छापील प्रतीवरून केला आणि संध्याकाळपर्यंत मराठी दिसू लागले. दिसू लागले, पण रफार आणि वेलांट्या भलतीकडे. 'कार्य'चे 'कायर्' झाले होते, आणि माझी नायिका ऊर्मिला सबंध कादंबरीभर 'ऊमिर्ला' म्हणून वावरत होती. भाच्याने पडद्याच्या तळाशी एक ओळ लिहिली: 'एस', तिरपी रेघ, चुकलेले नाव, तिरपी रेघ, बरोबर नाव. ईडीचीच ती आज्ञा. कळ दाबताच खाली आकडा उमटला. चारशे बारा ठिकाणी.

मग आम्ही 'कायर्' घेतले.